मधल्या सुट्टीनंतरचा वर्ग शांत करायचाय? मुलांना आधी श्वास सोडायला शिकवा

प्रश्न थोडक्यात असा: कोपरखैरण्याच्या एका शाळेत पाचवीच्या वर्गशिक्षिका आहेत. वर्गात ५२ मुलं. मधल्या सुट्टीनंतर गणिताचा तास असतो आणि तो सुरू व्हायलाच पंधरा मिनिटं जातात. त्यांनी आठवडाभर मुलांकडून "डोळे मिटा, खोल श्वास घ्या" असं दहा-दहा वेळा करून घेतलं. निम्मी मुलं खिदळली, दोघांना गरगरलं आणि एक मुलगी रडायला लागली. हे चालू ठेवावं की सोडून द्यावं, असं त्या विचारतात.

ताई, सोडून देऊ नका. पण आत्ता जसं करताय तसं उद्यापासून करू नका. हसणं, गरगरणं, रडणं, तिन्ही प्रकार माझ्या वर्गात होऊन गेलेत, आणि तिन्ही वेळा चूक मुलांची नव्हती, माझ्या पद्धतीची होती. मी ठाण्यात २६ वर्षं प्राथमिकला शिकवते. गेली काही वर्षं नवीन शिक्षकांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसते आणि तास संपल्यावर त्यांच्याशी बोलते. त्या बाकावरून जे दिसतं ते फळ्याजवळ उभं राहून दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी गरगरण्याचं बघू. "खोल श्वास घ्या" म्हटल्यावर दहा वर्षांचं मूल काय करतं ते एकदा बाजूला उभं राहून बघा. खांदे कानांपर्यंत जातात, छाती पुढे येते, तोंड उघडतं, मग भस्सकन हवा सोडली की लगेच पुढचा श्वास. आपण शांत व्हायला सांगितलं आणि मूल करतंय शर्यत संपल्यावरचा श्वास! असा जोरदार श्वास आठ-दहा वेळा घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, ओठांना आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. थांबवून मुलाला नेहमीसारखा श्वास घेऊ दिला की थोड्या वेळात ते उतरतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण मुलाच्या मनात बसतं की बाईंच्या व्यायामानं चक्कर येते. ते काढायला महिना लागतो.

म्हणून "श्वास घ्या" हे दोन शब्द विसरून जा. "श्वास सोडा" म्हणा. घ्यायचं काम शरीर आपोआप करतं, शिकवावं लागतं ते सोडणं. आपण श्वास आत घेतो तेव्हा हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि सोडतो तेव्हा किंचित मंदावतात. घरी निवांत बसून नाडीवर बोट ठेवून बघा, बऱ्याच जणांना हा फरक स्वतःलाच जाणवतो. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू हे काम करतो. सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा लांबवला की शरीराला "आता धावायचं नाही" असा निरोप जातो. आपल्याकडे हे जुनंच आहे. चित्त स्थिर करण्याचे उपाय सांगताना पतंजलींनीही श्वासाच्या बाबतीत आधी बाहेर सोडण्याचाच उल्लेख केलाय. आणि इथून फार लांब नाही, लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम सुरू केलं ते प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेत तपासायलाच. तेव्हा एखादे पालक "हे काय नवीन खूळ" म्हणाले, तर सांगायला तुमच्याकडे भरपूर आहे.

आता आकडे, कारण शिक्षक इथेच फसतात. मोबाइलवर बघितलेले मोठ्या माणसांचे आकडे, चार मोजून घ्या, सात मोजून धरा, आठ मोजून सोडा, हे मुलांना लावू नका. शाळकरी मूल शांत बसलेलं असतानाही मिनिटाला साधारण वीसेक श्वास घेतं. म्हणजे एक पूर्ण श्वास तीन सेकंदांचा. त्याला एकदम एकोणीस सेकंदांचा श्वास घ्यायला लावलं तर ते गुदमरणारच. पाचवीला दोन अंक घ्यायला आणि तीन अंक सोडायला, एवढ्यावर सुरुवात करा. दोन आठवड्यांनी तीन आणि पाच. तेवढं पुरे. श्वास रोखून धरायला अजिबात सांगू नका. आणि असे श्वास सहाच, दहा नाही. सगळं मिळून मिनिटभराचं काम आहे.

पण अंक मोजत श्वास सोडणं मुलांना कोरडं वाटतं. मी त्यांना वरणभात वाढते. दोन्ही हातांची ओंजळ तोंडासमोर धरायची. ओंजळीत आत्ताच कुकर उघडून वाढलेला गरम वरणभात आहे, वर तुपाची धार. आधी नाकानं वास घ्यायचा. मग फुंकर घालायची, पण एकही शीत उडता कामा नये. मुलं ओठांचा बारीक चंबू करतात आणि फुंकर आपोआप लांब, मऊ, सावकाश होते. "जोरात फुंकलं तर भात समोरच्याच्या शर्टावर" एवढं सांगितलं की पुरतं. पहिल्या दिवशी हसतात. हसू द्या. हसणं म्हणजेही श्वास सोडणंच, आणि तिसऱ्या ओंजळीपर्यंत हसू आपोआप ओसरतं. एकदा एका तिसरीच्या वर्गात एक मुलगा दरवेळी ओंजळ शेजाऱ्यापुढे नेत होता. मला वाटलं खोड्या काढतोय. जवळ गेले तर म्हणाला, "बाई, त्याचा गार झालाय, माझ्यातला देतोय." त्या दोघांचं दहा मिनिटांपूर्वी चेंडूवरून भांडण झालं होतं.

परीक्षेच्या वेळी हाच श्वास हातावर आणायचा. डाव्या हाताचा पंजा पसरायचा आणि उजव्या हाताच्या तर्जनीनं त्याच्या कडेकडेनं फिरायचं. बोट चढताना श्वास आत, उतरताना बाहेर, उतार चढापेक्षा हळू. ठाण्याची मुलं याला येऊरचा डोंगर म्हणतात. तुमच्याकडे पारसिकचा म्हणतील. पाच बोटं, पाच डोंगर. बाकाखाली गुपचूप करता येतं, शेजाऱ्याला कळतही नाही. शिष्यवृत्तीच्या पेपरला प्रश्नपत्रिका हातात पडल्यावर एक मुलगी मान खाली घालून बसली होती. मला वाटलं, रडतेय. तिचं बोट दुसऱ्या हाताच्या करंगळीवरून उतरत होतं. तो डोंगर पूर्ण उतरून झाल्यावरच तिनं पेन उचललं.

आता तुमची खरी अडचण, मधली सुट्टी. घंटा झाल्यावर मूल वर्गात येतं तेव्हा ते बसलेलं दिसतं, पण आतून अजून धावतच असतं. ठोके वाढलेले, अंगाला घाम, तोंडात शेवटचा घास. त्या शरीराला थेट सावकाश श्वास सांगणं म्हणजे घाटात तिसऱ्या गिअरमध्ये असलेल्या गाडीचं इंजिन बंद करण्यासारखं आहे. आधी वेग उतरवा. सगळ्यांना बाकाजवळ उभं करा. पाण्याच्या बाटल्या बाहेर काढा, दोन-तीन घोट, घटाघटा नाही. मग दोन्ही तळवे एकमेकांवर दाबायचे, जोर लावून, पाच मोजेपर्यंत, आणि सोडून द्यायचे. तीनदा. मग हात झटकायचे, जसे धुतलेले हात आपण पाणी उडवत झटकतो. मगच बसायचं. याला दीड मिनिट लागतं आणि यामुळे पुढचं काम अर्ध्यावर येतं. मी हे टाळून थेट श्वासावर जायचे तेव्हा माझाही वर्ग तुमच्यासारखाच खिदळायचा.

बसण्याबद्दल एक. आपल्या हाडात "हाताची घडी, तोंडावर बोट" मुरलेलं आहे. मीही त्यातच वाढले आणि आवाज बंद करायला ते उपयोगी पडतं हे नाकारत नाही. पण श्वासासाठी ती बैठक चुकीची. हाताच्या घडीनं बरगड्या आणि पोट आवळलं जातं, श्वास वरच्या वर राहतो. त्यापेक्षा एक हात पोटावर, एक मांडीवर, पाय जमिनीला टेकलेले. शाळेचा पट्टा घट्ट असेल तर एक भोक सैल करायला सांगा. पाय टेकत नसतील तर पायाखाली दप्तर. किती साधं आहे, पण लोंबकळणाऱ्या पायांनी मूल स्थिर बसूच शकत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे भ्रामरी, आणि मला विचाराल तर मोठ्या वर्गासाठी याच्यासारखं दुसरं काही नाही. कारण साधं: ५२ मुलांचा श्वास दिसत नाही, पण ऐकू येतो. ओठ मिटून मधमाशीसारखा "म्‌" काढायचा म्हटलं की सोडणं लांबवावंच लागतं, आणि कोण घाईत आहे, कोण सावकाश आहे, हे डोळे मिटूनही तुम्हाला कळतं. आवाजातली थरथर ओठांना, गालांना जाणवते, मुलाचं लक्ष बाहेरून आत यायला तेवढं पुरतं. शिवाय गुणगुणताना नाकाच्या आजूबाजूच्या पोकळ्यांमधून नायट्रिक ऑक्साइड कितीतरी जास्त प्रमाणात बाहेर येतो, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ साली दाखवलं होतं. कान बोटांनी बंद करण्याची पद्धत घरी ठीक, वर्गात मी करू देत नाही. मधल्या सुट्टीनंतर त्या बोटांना लसणाची चटणी असते आणि कानावरचं बोट डोळ्यात जायला वेळ लागत नाही.

भ्रामरीत एक गोष्ट नक्की होणार, त्याची तयारी ठेवा. आपली मुलं कबड्डीतली. एका दमात किती वेळ "कबड्डी कबड्डी" म्हणता येतं यावर त्यांचा मान ठरतो. त्यामुळे दुसऱ्याच दिवशी "बाई, मी सगळ्यात शेवटी थांबलो" सुरू होतं. चेहरे लाल, मानेच्या शिरा ताठ. इथे कौतुक केलंत की संपलं. मी सांगते, "आवाज संपायच्या आधीच थांबायचं, थोडा श्वास शिल्लक ठेवायचा." आणि मुद्दाम स्वतः सगळ्यांच्या आधी थांबते. बाईच आधी थांबल्या म्हटल्यावर शर्यतीत मजा उरत नाही. शेजारच्या वर्गाला मात्र आधी कल्पना द्या. आमच्या मजल्यावर पहिल्या दिवशी शिपाईकाका धावत आले होते, पंख्याचा काहीतरी बिघाड झाला म्हणून. आणि भ्रामरीत ओंकाराचा आग्रह धरू नका. नवी मुंबईच्या वर्गात सगळ्या घरांतली मुलं असतात, मधमाशी सगळ्यांची असते.

कपालभाती, भस्त्रिका हे प्रकार वर्ग शांत करायला वापरू नका. ते जलद श्वासाचे आहेत, मुलं त्यानं तरतरीत होतात, शांत होत नाहीत. योगासनांच्या वर्गात, शिकलेल्या शिक्षकासमोर ते होऊ देत. आपल्याकडे ठाण्यात घंटाळीसारख्या ठिकाणी वर्षानुवर्षं योग शिकवला जातोय. वर्गातली आपली दोन मिनिटं म्हणजे ते शिक्षण नव्हे, एवढी मर्यादा आपणच पाळायची.

आता जे सांगते ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सुरुवातीच्या एका शाळेत मी श्वासाचा उपयोग शिक्षेसारखा करत असे. गोंधळ वाढला की टेबलावर डस्टर आपटून "चला, डोळे मिटा, पाच मिनिटं दीर्घ श्वास!" वर्ग गप्प व्हायचा आणि मला वाटायचं, जमलं. एक दिवस डस्टर उचललं तेव्हा पहिल्या बाकावरचा मुलगा हात जोडून म्हणाला, "बाई, आज श्वास नको. आम्ही गप्प बसतो." ते वाक्य मी कधीच विसरले नाही. शंभर ओळी लिहा, अंगठे धरा, तसा मुलांच्या लेखी श्वासही एक दंड झाला होता. जी गोष्ट त्यांना भीतीत, तापात, परीक्षेत, घरच्या भांडणात सोबत द्यायची ती मी त्यांना नकोशी करून ठेवली. त्यानंतर मी नियम केला, तो आजवर मोडलेला नाही: वर्ग चिडलेला असताना किंवा मी चिडलेली असताना नवीन श्वास शिकवायचा नाही. शिकवायचा तो पहिल्या तासाला, परिपाठ झाल्यावर, मुलं शांत असतानाच. तीन आठवडे रोज. पोहायला कोणी बुडताना शिकत नाही.

आणि तुमचं स्वतःचं काय? तुम्ही जिना चढून, हातात वह्यांचा गठ्ठा घेऊन, स्टाफरूममधलं अर्धं बोलणं डोक्यात घेऊन वर्गात येता. मुलं तुमचे शब्द ऐकण्याआधी तुमचे खांदे बघतात. दाराबाहेर थांबा, गठ्ठा कठड्यावर ठेवा, दोन लांब श्वास सोडा, मग आत जा. एकाच जागी उभ्या राहा. बोलताना आवाज मुलांच्या वर चढवू नका, थोडा खाली आणा, ऐकण्यासाठी पुढची मुलं मागच्यांना स्वतःच गप्प करतात. तुम्ही मुलांबरोबर खरोखर फुंकर घालताय की नुसतं त्यांच्यावर लक्ष ठेवताय, हे दहा वर्षांच्या मुलाला लगेच कळतं.

सावधगिरीचं थोडं. कोणाला दमा आहे, कोणाकडे इन्हेलर असतो, याची यादी जूनमध्येच पालकांकडून घ्या. छातीत घरघर होत असताना हे व्यायाम नाहीत, त्या वेळी डॉक्टरांनी सांगितलेलं औषध आणि घरी फोन. पावसाळ्यात निम्म्या वर्गाचं नाक चोंदलेलं असतं, तेव्हा वरणभाताचा वास तोंडानं घेतला तरी चालेल. तुमची शाळा औद्योगिक पट्ट्याला जवळ आहे. एखाद्या सकाळी हवेत उग्र वास असेल, किंवा हिवाळ्यात खिडकीबाहेर धुरकं दिसत असेल, तर त्या दिवशी खोल श्वास नको, नुसते पाचही डोंगर बोटानं फिरा. गुणगुण ज्याला सोसत नाही असं एखादं मूल असतं, कानावर हात घट्ट दाबून बसतं. त्याला त्या वेळी फळा पुसायचं किंवा वह्या पोचवायचं काम द्या, वर्गासमोर विचारू नका.

अपेक्षा किती ठेवायची? अमेरिकेत साधारण ७ वर्षांच्या ३००हून जास्त मुलांवर झालेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत नाही, तर बागेत, संग्रहालयात, उन्हाळी शिबिरात असलेल्या मुलांना मिनिटभराचा व्हिडिओ दाखवून मोजकेच सावकाश श्वास घ्यायला लावले, तेवढ्यानं त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावले. उलट ब्रिटनमध्ये ८५ शाळांत, आठ हजारांवर किशोरवयीन मुलांना सजगतेचा, म्हणजे माइंडफुलनेसचा, पूर्ण अभ्यासक्रम शिकवून बघितला, त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. नेहमीच्या शिकवण्यापेक्षा त्यानं मुलांच्या मनःस्वास्थ्यात फरक पडला नाही. दोन अभ्यास वेगळे आहेत, वयं वेगळी, पद्धत वेगळी. पण माझ्या अनुभवाशी दोन्ही जुळतात. लहान, रोजचं, मुलाला हवंसं असलेलं टिकतं. मोठा कार्यक्रम करून सगळ्यांवर लादलेलं मुलं वहीत लिहून घेतात आणि विसरतात. आणि हेही मनात स्वच्छ असू द्या की ५२ मुलं एका खोलीत बसवली आहेत. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी एका शिक्षकामागे ३० मुलं धरली आहेत. वर्ग दाटीचा, दुपारचा, पंखे दोन, तर काही गोंधळ हा गोंधळ नसून गर्दी आहे. त्याचा दोष स्वतःला लावून घेऊ नका.

फरक पडतोय का, हे शांततेवरून ठरवू नका. घंटा झाल्यापासून शेवटच्या मुलानं वही उघडेपर्यंत किती मिनिटं गेली ते रोज टाचणवहीच्या कोपऱ्यात लिहा. पहिला आठवडा निराशा होईल. मला पहिल्यांदा काही जाणवलं ते तिसऱ्या आठवड्यात, आणि तेही आकड्यात नाही: मी वळून फळ्यावर तारीख लिहीत होते आणि मागे कोणीतरी न सांगता ओंजळीत फुंकर घालत होतं.

शेवटी तुमची ती रडणारी मुलगी. बंद डोळे आणि शांतता सगळ्यांना सुखाची नसते. दिवसभर दंग्यात दडवलेलं काहीतरी त्या शांततेत वर येतं. म्हणून "डोळे मिटा" हा हुकूम कायमचा काढून टाका. "हवं तर मिटा, नाहीतर बाकावरचा एक ठिपका बघा" असं म्हणा. ज्याला नको त्यानं नुसतं बसायचं, तेही चालतं, हे सगळ्यांसमोर आधीच सांगून ठेवा, म्हणजे तिच्या एकटीवर नजरा जाणार नाहीत. तिला तुम्ही का रडलीस असं विचारलं असेल तर पुन्हा विचारू नका. शाळा सुटताना, बाकीची मुलं दप्तर भरत असताना, तिला खडूंचा डबा कपाटात ठेवायला थांबवा आणि बरोबर चाला. ती काही बोलली तर ऐका, नाही बोलली तर उद्या पुन्हा डबा तिलाच द्या. आठवडाभरात रडणं परत झालं, डबा न खाता घरी जायला लागला, किंवा तिनं कुणाच्या मारण्याबद्दल, स्पर्शाबद्दल काही सांगितलं, तर थांबू नका. मुख्याध्यापक आणि समुपदेशकांना त्याच दिवशी सांगा. शाळेत समुपदेशक नसतील तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, आणि मूल धोक्यात असल्याची शंका आली तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. ती परत फुंकर घालायला आली तर तिच्याकडे बघून मान डोलवू नका, शाबासकी देऊ नका. तुमच्या स्वतःच्या ओंजळीकडे बघा आणि तुमचा भात गार करत राहा.